रस्ता ओलांडणाऱ्यासाठी लिहिलेला प्रोग्राम

या पुस्तकात एकच प्रकल्प आहे. एक सरळ रस्ता, त्यावर पादचाऱ्यांसाठी एक क्रॉसिंग, वाहनांसाठी तीन दिवे, चालणाऱ्यांसाठी दोन, आणि खांबावर एक बटण. सगळं टेबलावर मावेल एवढं: पुठ्ठ्याचा रस्ता, काही एलईडी आणि मायक्रोबिट नावाचा चार बाय पाच सेंटिमीटरचा बोर्ड. पहिल्यांदाच कोड लिहिणाऱ्या आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि नोकरी सांभाळून प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या मोठ्यांसाठी ते लिहिलं आहे. एवढ्याशा गोष्टीवर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे, आणि या प्रस्तावनेत मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

नवशिक्यांच्या हाती सहसा पाढे छापणारा, सरासरी काढणारा किंवा अंक ओळखायला लावणारा प्रोग्राम दिला जातो. तो सुरू होतो, दहा ओळी दाखवतो आणि संपतो. हात बसायला ते बरं आहे. पण ज्या प्रोग्रामांच्या भरवशावर आपला दिवस जातो, ते असे संपत नाहीत. लिफ्ट, वॉशिंग मशीन, एटीएम, रेल्वेचा सिग्नल हे सगळे वाट पाहत बसलेले असतात. मध्येच कुणीतरी येतं आणि काहीतरी मागतं. त्या वेळी हातातलं काम मोडायचं नसतं आणि मागणाऱ्यालाही विसरायचं नसतं. क्रॉसिंगच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच आहे. शिवाय तो बरोबर चालतोय की नाही, हे शिक्षकांना विचारावं लागत नाही. दोन्हीकडे एकदम हिरवा लागला तर काय होईल, हे बालवाडीतल्या पोरालाही समजतं. पहिल्या प्रकल्पात चूक डोळ्यांना दिसली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नमुना म्हणून मी ब्रिटनमधलं, बटण दाबून ओलांडायची वेळ मागता येणारं पेलिकन क्रॉसिंग घेतलं आहे. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्या मुलांना चित्र उलटं करून पाहावं लागत नाही. दुसरं कारण असं की या क्रॉसिंगची प्रत्येक पायरी तिथल्या नियमांत लिहून ठेवलेली आहे. लिहिलेल्या नियमावरून कोड करणं आणि मनात येईल तसा कोड करणं यांत फार अंतर असतं. ते अंतर पहिल्याच प्रकल्पात कळलेलं चांगलं.

रस्ता ओलांडण्यासाठी यंत्राची मदत घेण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ एक खांब उभा राहिला. जॉन पीक नाइट हे रेल्वेतले अधिकारी. रेल्वेच्या सिग्नलसारखे वर-खाली होणारे हात त्यांनी रस्त्यावर आणले आणि रात्रीसाठी त्यांना लाल-हिरवे गॅसचे दिवे जोडले. खांबाशी एक पोलीस उभा राहून हे सगळं हाताने चालवायचा. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि ती कल्पना कित्येक वर्षं मागे पडली. विजेवर चालणारा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलंडला आला तो १९१४ साली. तोवर रस्त्यावर मोटारी आल्या होत्या, आणि सिग्नलचा विचार मुख्यतः मोटारींच्या सोयीने होऊ लागला होता. चालणारा माणूस त्यात कुठेतरी बाजूला पडला.

ब्रिटनमध्ये त्याच्यासाठी खास जागा राखायला सुरुवात झाली ती १९३४ च्या सुमारास, परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात. ती जागा दाखवणारे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबांवरचे पिवळे गोळे आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९५१ मध्ये रस्त्यावर पांढरे पट्टे ओढले गेले आणि झेब्रा क्रॉसिंग कायदेशीर झालं. झेब्रावरचा सगळा कारभार माणसामाणसांतला असतो: चालणाऱ्याने पाऊल टाकायचं, ड्रायव्हरने पाहून थांबायचं. वर्दळीच्या रस्त्यावर हा समजुतीचा मामला अवघड होतो. चालणाऱ्यांची रीघ लागली तर गाड्या खोळंबतात, आणि गाड्यांची रीघ लागली तर म्हाताऱ्या माणसाचं पाऊल उचलत नाही. १९६९ मध्ये पेलिकन आलं आणि दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा राहिला, बटण आणि घड्याळ असलेला. आपल्याला लिहायचा आहे तो या तिसऱ्याचा मेंदू.

आता प्रत्यक्ष प्रोग्रामकडे येतो.

नवशिका पहिल्यांदा जे लिहितो ते साधारण असं असतं: वाहनांचा हिरवा लाव, वीस सेकंद थांब, पिवळा लाव, तीन सेकंद थांब, लाल लाव, बटण दाबलेलं असेल तर माणसांचा हिरवा लाव, दहा सेकंद थांब, मग पुन्हा पहिल्यापासून. वाचायला निर्दोष. दिवेही छान लागतात. मग कुणीतरी बटण दाबतं आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबतं, तरी काही नाही. शेवटी वैतागून बोट दाबूनच ठेवतं, तेव्हा कुठे हिरवा माणूस लागतो. वर्गात अशा वेळी हमखास ऐकू येतं, ‘‘सर, बटण खराब आहे.’’

बटण ठणठणीत असतं. ‘थांब’ या आज्ञेला मायक्रोबिटच्या पायथॉनमध्ये ‘स्लीप’ म्हणतात. स्लीपची ओळ आली की प्रोग्राम तिथेच अडून राहतो. त्या वीस सेकंदांत त्याने बटणाकडे एकदाही पाहिलेलं नसतं. बटणाबद्दल विचारण्याचे दोन प्रकार या भाषेत आहेत. ‘इज प्रेस्ड’ हा प्रश्न फक्त या क्षणापुरता आहे: आत्ता बोट बटणावर आहे का? ‘वॉज प्रेस्ड’ विचारतो ते असं: मागे तुला विचारलं होतं, तेव्हापासून कुणी दाबून गेलं का? पहिल्याच्या जागी दुसरा घातला की हरवलेलं दाबणं सापडतं. पुष्कळ ठिकाणी हा प्रकल्प इथेच पुरा झाला असं मानतात.

मला ते पुरेसं वाटत नाही, आणि का ते खांबाजवळ उभं राहिल्यावर कळतं. पेलिकनची बटणपेटी नीट पाहा. बटण दाबताच तिच्यावर ‘थांबा’ अशा अर्थाची पाटी उजळते. गाड्या अजून धावत असतात, पण तुमचं म्हणणं पोचलं हे तुम्हाला त्याच क्षणी समजतं. स्लीपवाल्या प्रोग्राममध्ये ही पाटी वीस सेकंदांनी उजळेल, म्हणजे तिचा काही उपयोग नाही. दरम्यान त्या माणसाने बटण आणखी पाच-सहा वेळा दाबलेलं असेल, नाहीतर कंटाळून गाड्यांतून वाट काढलेली असेल. पादचारी बेशिस्त आहेत अशी तक्रार आपण करतो. त्यांतल्या कितीकांना यंत्राने साधं ‘कळलं’ एवढंही सांगितलेलं नसतं, याचाही विचार व्हायला हवा.

बटण दाबणं ही मागणी आहे. ती लगेच पुरवता येईलच असं नाही. वाहनांचा हिरवा नुकताच लागला असेल तर तो तसाच तोडणं धोक्याचं. पण मागणीची नोंद मात्र तत्क्षणी झाली पाहिजे, पोच मिळाली पाहिजे, आणि वेळ येईपर्यंत ती कुठेतरी जपून ठेवली पाहिजे. ऐकणं, लक्षात ठेवणं आणि करणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. नवशिक्याच्या पहिल्या प्रोग्राममध्ये ती एकाच ओळीत कोंबलेली असतात. ती सुटी करता येणं हा या पुस्तकाचा गाभा आहे. बाकीची प्रकरणं त्याच्याभोवती आहेत.

ती सुटी कशी करायची? त्यासाठी पहिल्या प्रकरणात संगणक नाही. कागदावर सहा चौकटी काढायच्या: वाहनं चालू, पिवळा, सगळीकडे लाल, माणसं चालू, लुकलुक, पुन्हा सगळीकडे लाल. प्रत्येक चौकटीत कोणते दिवे लागलेले आहेत ते लिहायचं, आणि बाहेर पडणाऱ्या बाणावर तिथून कधी निघायचं ते. पाच चौकटींतून बाहेर पडायला फक्त वेळ संपावा लागतो. एकट्या पहिल्या चौकटीला दोन अटी आहेत: कुणाची तरी मागणी नोंदलेली असावी, आणि वाहनांना त्यांचे किमान सेकंद मिळालेले असावेत. रात्री दोन वाजता रस्त्यावर कुणी नसेल तर प्रोग्राम तासन्‌तास या पहिल्या चौकटीतच बसून राहील, आणि ते बरोबरच आहे.

या चौकटींना पुस्तकात मी ‘अवस्था’ म्हटलं आहे. कागदावर पोरखेळ वाटणाऱ्या या पद्धतीमागे पक्कं गणित आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या जॉर्ज मीली आणि एडवर्ड मूर यांनी १९५५-५६ मध्ये ते मांडलं. आपल्या क्रॉसिंगचे वाहनांचे आणि माणसांचे दिवे केवळ आपण कोणत्या चौकटीत आहोत यावरून ठरतात, म्हणून हे यंत्र मूर यांच्या जातीचं. ही नावं परीक्षेसाठी पाठ करायची नाहीत. पण पुढे कधी कॉलेजात हा विषय जाडजूड रूपात समोर आला, तर आपण तो पुठ्ठ्याच्या रस्त्यावर आधीच केलाय, हे मुलांना आठवावं एवढीच इच्छा.

चौकटी झाल्या की स्लीपची गरज उरत नाही. चौकटीत शिरताना घड्याळाचा आकडा टिपून ठेवायचा. मग प्रोग्राम भराभर फेऱ्या मारत राहतो: बटण पाहा, घड्याळ पाहा, चौकट बदलायची का ते ठरव. एका फेरीला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही, त्यामुळे बटण कधीही दाबा, ते ऐकलं जातंच. कोडमधली नावं मुद्दाम मराठी ठेवली आहेत: मागणी, अवस्था, सुरुवात. स्वतःच्या भाषेतलं नाव असलं की काय चाललंय हे मुलांना एकमेकांना समजावून सांगता येतं.

याच जागी आणखी एक अडचण परस्पर सुटते, आणि ती मला फार आवडते. बटण दाबलं की आतले धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, आणि वेगवान प्रोग्रामला एकच दाबणं अनेक दाबण्यांसारखं दिसू शकतं. आपण दाबण्यांची मोजणी करत असतो तर हिशेब चुकला असता. पण मागणी ही आपण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच ठेवली आहे. ‘आहे’ला दहा वेळा ‘आहे’ म्हटलं तरी ते ‘आहे’च राहतं. घाईत सात वेळा बटण दाबणाऱ्या माणसालाही हाच न्याय लागू पडतो.

मग प्रश्न उरतो मागणी पुसायची कधी याचा. यावर वर्गात खरे वाद झडतात आणि ते झडू द्यावेत. मी हिरवा माणूस लागतानाच ती पुसतो. हिरवा असताना कुणी बटण दाबलं तर नोंदवत नाही, कारण त्याला आत्ताच जाता येतंय. मात्र हिरवा लुकलुकू लागल्यावर दाबलेलं बटण नोंदवतो. तेव्हा आलेल्याने रस्त्यात पाऊल टाकायचं नसतं, म्हणजे त्याची पाळी पुढच्या फेरीत आली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आलेलं पफिन क्रॉसिंग याच्याही पुढे जातं. बटण दाबून माणूस निघून गेला तर काठावरचा सेन्सर ते ओळखतो आणि मागणी रद्द होते. उलट रस्त्यात कुणी अजून चालत असेल तर वाहनांचा लाल लांबवला जातो. हा भाग पुस्तकात शेवटी, हौशी वाचकांसाठी ठेवला आहे.

सगळ्यात जास्त पानं मी वेळेच्या प्रकरणाला दिली आहेत. माणसांना किती सेकंद द्यायचे? मुलं सहसा ‘पाच’ किंवा ‘दहा’ असा ढोबळ आकडा टाकतात. रस्त्यांचे अभियंते बरीच वर्षं चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरत आले आहेत. दोन लेनचा रस्ता ७ मीटर रुंद धरला तर ओलांडायला ५.८ सेकंद पुरतात. आता काठी टेकत, सेकंदाला ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींचा विचार करा. त्यांना लागतात ८.७५ सेकंद. ५.८ सेकंदांना आपल्या प्रोग्रामने लाल माणूस लावला, तेव्हा आजी पावणेपाच मीटरच्याही अलीकडे, म्हणजे पलीकडच्या लेनमध्ये आहेत आणि समोरचा फुटपाथ अजून सव्वादोन मीटरहून लांब आहे. कोडमधला एक आकडा कुणाच्या चालण्यावरून ठरवला, त्यावर त्यांचं पुढचं पाऊल अवलंबून आहे. अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रणाच्या नियमपुस्तिकेत हा वेग २००९ च्या आवृत्तीत सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला गेला. आकडे बदलतात, ते माणसंच बदलतात.

म्हणून या प्रकरणातला स्वाध्याय शाळेच्या मैदानावरचा आहे. चुन्याने ७ मीटरवर दोन रेघा मारा आणि घड्याळ लावून चालून पाहा. मग घरच्या थोरामोठ्यांना, दप्तर घेतलेल्या पहिलीच्या मुलाला, कडेवर बाळ घेतलेल्या कुणाला तरी चालायला सांगा. ‘लवकर चाला’ असं म्हणायचं नाही. जो सर्वांत मोठा आकडा येईल तो प्रोग्राममध्ये घाला. सरासरी काढू नका. सरासरीने वेळ ठरवली तर चालणाऱ्यांपैकी बरेचजण रस्त्याच्या मध्येच राहतात.

सुरक्षेचं प्रकरण छोटं आहे, पण ते गाळू नये. आपला प्रोग्राम कितीही विचारपूर्वक लिहिला तरी त्यात चूक राहू शकते, असं धरूनच रस्त्यावरचे सिग्नल बांधलेले असतात. अमेरिकेत सिग्नलच्या पेटीत मुख्य यंत्राशेजारी एक वेगळं, स्वतंत्र उपकरण बसवतात. त्याचं काम दिवे चालवणं नव्हे, फक्त पाहत राहणं. एकमेकांच्या आड येणारे दोन हिरवे एकदम लागलेले दिसले की ते मुख्य यंत्राला बाजूला सारतं आणि चौकातले दिवे लुकलुकते करून टाकतं. आपल्या कोडमध्येही प्रत्येक फेरीच्या शेवटी अशी एक तपासणी आहे: वाहनांचा हिरवा किंवा पिवळा आणि माणसांचा हिरवा एकत्र दिसले, तर सगळीकडे लाल लावून थांब. ही ओळ कधीच अमलात येऊ नये म्हणून लिहायची असते. ती लिहून झाल्यावर मुद्दाम कोड बिघडवून ती चालते का ते पाहायला मी सांगितलं आहे, आणि मुलांना तो तास सर्वांत जास्त रंगतो.

दिवे दिसत नसलेल्यांचं काय? लाल-हिरव्यात फरक करू न शकणाऱ्यांना दिव्याची जागा उपयोगी पडते, म्हणून लाल नेहमी वर. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या अनेक बटणपेट्यांच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा एक खाचांचा शंकू असतो. हिरवा माणूस लागला की तो गोल फिरू लागतो. ज्याला ठाऊक आहे तो पेटीखाली बोट धरून उभा राहतो, आणि रस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी त्याला आपली वेळ झाली हे कळतं. बहुतेक लोक त्याच पेटीवरचं बटण रोज दाबतात, पण हा शंकू त्यांच्या लक्षातही आलेला नसतो. पुस्तकात एका छोट्या सर्व्हो मोटरने तो केला आहे. कोडच्या फक्त चार ओळी लागतात.

मायक्रोबिटवर पाच बाय पाच अशा पंचवीस ठिपक्यांचा पडदा आहे. त्यावर चालणारं माणूस मुलांनी स्वतः काढायचं आहे. पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाउ यांनी १९६१ साली टोपीवाला माणूस काढला, तो आजही त्या शहराची ओळख आहे. मुंबईत २०२० साली महापालिकेने दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर स्त्रीची आकृती लावली. पंचवीस ठिपक्यांत काय काय बसवता येतं, ते वर्गागणिक वेगळं निघतं.

मुंबईचाच दुसरा एक प्रयोग शेवटच्या प्रकरणात आहे. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं: हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्या चौकटींच्या भाषेत सांगायचं तर एका चौकटीतून बाहेर पडणारा बाण त्याच चौकटीत परत आणला. मायक्रोबिटच्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आहे. तो डेसिबल सांगत नाही, ० ते २५५ मधला एक आकडा देतो. तेव्हा किती आकड्याला गोंगाट म्हणायचं हे आधी टाळ्या वाजवून ठरवावं लागेल. त्याच वेळी बटण दाबून उभ्या असलेल्या माणसाच्या मागणीचं काय करायचं, हेही ठरवायला विसरू नका.

सामानाचं थोडक्यात. लाल, पिवळे, हिरवे एलईडी, प्रत्येकासोबत २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी एवढं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. बोर्ड ३ व्होल्टवर चालतो. घरातल्या विजेच्या सॉकेटशी या प्रकल्पाचा कुठेही संबंध येत नाही आणि तो कुणी आणू नये. बोर्ड विकत घेणं जमत नसेल तरी अडायचं कारण नाही. मायक्रोबिटचा कोड लिहायची जागा ब्राउझरमध्ये उघडते आणि शेजारी चित्रातला बोर्ड दाखवते. त्याचं बटण माउसने दाबता येतं, पडदा उजळतो. पहिली चार प्रकरणं त्यावर पूर्ण होतात, एका संगणकावर तिघंतिघं बसूनही. शिक्षकांना एकच विनंती: दुसऱ्या प्रकरणातला स्लीपचा प्रोग्राम चुकीचा आहे हे आधी सांगू नका. मुलांना तो लिहू द्या आणि बटण दाबून पाहू द्या.